नळाला गटाराचा वास येतोय: आधी गल्लीत शोध घ्या, मग पालिकेत कागद द्या

प्रश्न: आमचं तालुक्याचं गाव जळगाव जिल्ह्यात, तापीच्या पट्ट्यात आहे. पालिका आठ-नऊ दिवसांनी पाणी सोडते. पहिली दहा-पंधरा मिनिटं नळाला काळसर पाणी येतं, गटाराचा वास येतो, मग हळूहळू साफ होतं. महिनाभरात गल्लीत तिघांना कावीळ झाली. पालिकेत दोनदा जाऊन सांगितलं, तर ‘आम्ही टाकीतून शुद्धच पाणी सोडतो’ असं उत्तर मिळालं. आता गल्लीतले म्हणताहेत, पाणीपट्टी कोणी भरायची नाही आणि मोर्चा काढायचा. माझ्या सुनेला आठवा महिना आहे. आम्ही नेमकं काय करावं? – एक भगिनी

उत्तर: ताई, आधी सुनेचं बोलू. बाकी सगळं त्यानंतर.

दूषित पाण्यातून येणारी कावीळ मुख्यतः दोन प्रकारची, हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई. यातली ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतू शकते. म्हणून आजपासून तिच्या तोंडात जाणारं सगळं पाणी उकळलेलंच हवं. पिण्याचं तर हवंच, पण चूळ भरण्याचं, काकडी-कोथिंबीर धुण्याचं, ताकात घालायचं पाणीसुद्धा. खळखळून उकळी फुटली की पुढे किमान एक मिनिट उकळू द्या आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. उकळलेलं पाणी न धुतलेल्या माठात ओतलं आणि त्यात पेला बुडवला, तर सगळी मेहनत वाया जाते. लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचा माठ वापरा. बाहेरचा बर्फ, उसाचा रस, पाणीपुरी सध्या बंद. कँडलच्या फिल्टरवर विसंबू नका, कावीळीचे विषाणू त्यातून पार होतात. यूव्हीचं यंत्र असेल तर गढूळ पाण्यात त्याचा प्रकाश नीट पोहोचत नाही. आणि थंड पाण्याचा जार विकत घेत असाल तर तोही उकळूनच द्या, कारण सुट्या जारमधल्या पाण्याची तपासणी कोणी केलेली असेलच असं नाही.

मळमळ, अन्नावरची वासना उडणं, अंगात कणकण, लघवी गडद पिवळी, यातलं काहीही तिला जाणवलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नका. कावीळ उतरवून देणाऱ्याकडे किंवा झाडपाल्याच्या औषधाकडे या काळात अजिबात नेऊ नका, तिथे जाणारे दोन दिवसच महाग पडतात. घाण पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. म्हणजे त्या तिघांना बाधा झाली ती बहुधा काही फेऱ्यांआधीच्या पाण्याला. आज धडधाकट दिसणाऱ्यांवरही पुढचा दीड-दोन महिना लक्ष ठेवावं लागेल.

त्या तिघांच्या घरी जाऊन कावीळ कोणत्या प्रकारची हे सांगणारी रक्ततपासणी झाली आहे का विचारा. झाली नसेल तर सरकारी रुग्णालयात करून घ्यायला सांगा. मग गल्लीच्या आशाताईंना किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा: एका गल्लीत, एका महिन्यात, तीन रुग्ण. आरोग्य खात्याकडे साथीच्या रोगांच्या नोंदीची स्वतंत्र यंत्रणा असते. एका ठिकाणचे अनेक रुग्ण तिच्यात नोंदले गेले की पाण्याचे नमुने घेणं हे त्यांचं कामच होतं, त्यासाठी कोणाच्या मागे लागावं लागत नाही. पालिकेच्या दारात पन्नास माणसं उभी केल्याने जे लवकर होत नाही, ते कित्येकदा या एका नोंदीने होतं.

आता पालिकेच्या उत्तराकडे. ‘टाकीतून शुद्ध पाणी सोडतो’ हे खरं असू शकतं. तुमच्या नळाला गटार येतंय हेही खरं आहे. बिघाड या दोन्हींच्या मधल्या पाइपात असतो, आणि तिथेच कोणी पाहत नाही.

लाइन भरलेली आणि दाबात असते तेव्हा भोकातून पाणी बाहेर जातं. त्या वेळी फार तर पाणी वाया जातं. धोका सुरू होतो तो व्हॉल्व्ह बंद केल्यावर. लाइनीतलं पाणी उताराच्या घरांकडे निघून जातं, मागे पोकळी राहते, आणि ज्या भोकातून पाणी बाहेर गळत होतं त्यातूनच आजूबाजूचं गटार आत ओढलं जातं. चोवीस तास पाणी असलेल्या गावात हे क्वचित घडतं. आपल्याकडे अशी संधी त्या घाणीला प्रत्येक फेरीत मिळते, आणि ती आठ दिवस पाइपात मुरत पडते. पुढचं पाणी सुटलं की पहिल्या लोंढ्यात तीच बाहेर येते. तुम्ही लिहिलेली दहा-पंधरा मिनिटं म्हणजे हेच. टाकीवर टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, बरोबर मात्रेत टाकली असली तरी वाटेतल्या घाणीत तिचा क्लोरिन संपून जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० प्रमाणे, ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असायला हवा. टाकीखालच्या नळाला तो असतो आणि शेवटच्या घराला शून्य, असं सर्रास आढळतं.

तापीखोऱ्यातल्या काळ्या मातीने यात भर पडते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, आणि तिच्यात पुरलेले जुने सिमेंटचे किंवा बिडाचे पाइप दर वर्षी थोडे थोडे हलत राहतात. आधी सांधे सुटतात. घराकडे येणारी अर्ध्या इंचाची लोखंडी लाइन ओल्या मातीत आणि गटाराच्या पाण्यात बाहेरून गंजते आणि नेमकी गटाराखाली सडते.

यापुढचं काम तुमच्या गल्लीने करायचं आहे, आणि ते एका पाण्याच्या दिवसात होतं. खर्च जवळपास नाही. पारदर्शक, स्वच्छ धुतलेल्या एक लिटरच्या बाटल्या जमा करा, बारा-पंधरा पुरे. पाणी ज्या बाजूने येतं तिकडचं पहिलं घर, मधलं एक, तुमचं, तुमच्या डावी-उजवीकडचं एकेक आणि गल्लीच्या टोकाचं शेवटचं, अशी घरं धरा. प्रत्येक घरी नळ सुरू झाल्याबरोबर एक बाटली, पंधरा मिनिटांनी दुसरी. बाटलीवर लगेच चिठ्ठी चिकटवा: घर, तारीख, वेळ. नंतर चिकटवू म्हटलं की बाटल्यांची अदलाबदल झालीच म्हणून समजा. मोटर लावलेली असेल तर नमुना घेताना ती बंद हवी, आणि नमुना थेट नळाचाच हवा, टाकीतला नको.

सगळ्या बाटल्या एका ओट्यावर ओळीने मांडा. फक्त तुमचंच पाणी काळं आणि शेजाऱ्यांचं साफ असेल तर दोष तुमच्या घराच्या जोडणीत आहे, आणि पालिकेशी भांडण्याआधी प्लंबर बोलवायचा आहे. एका ठरावीक घरापासून पुढे सगळ्यांचं काळं असेल तर त्या घराच्या आसपास मुख्य लाइन फुटलेली आहे. पहिल्या घरापासूनच काळं असेल तर बिघाड गल्लीच्या आधी आहे, म्हणून शेजारच्या गल्लीतही हेच करून पाहा. आणि सगळ्यांचं पाणी फक्त लालसर-पिवळट असेल, वास नसेल, तर तो बहुतेक गंज असतो किंवा पावसाळ्यात नदीचा गाळ. तोही चांगला नाही, पण नुसत्या गंजाने कावीळ होत नाही.

त्याच वेळी दोन माणसांना गटाराकडे लक्ष ठेवायला सांगा. ‘पाणी उनं’ अशी हाक आली की सगळे हंडे-ड्रमांकडे धावतात आणि गटार कोणी पाहत नाही, पण खूण नेमकी त्या पहिल्या चार-पाच मिनिटांत दिसते. रिकाम्या लाइनीतली हवा पाण्यापुढे ढकलली जाते आणि फुटलेल्या जागेतून बाहेर पडते. गटारातल्या साचलेल्या पाण्यात एका ठिकाणी बुडबुड्यांची धार उठली, तर भोक तिथेच. काही वेळाने त्या जागेपासून गटाराचं पाणी पातळ आणि वाहतं होतं. खडूने भिंतीवर खूण करा, मोबाइलवर चित्रण घ्या. खोदायची जागा नक्की माहीत असेल तर पालिकेच्या माणसाचं काम तासाभरात होतं. माहीत नसेल तर रस्ता तीन ठिकाणी उकरला जातो आणि गळती राहतेच.

क्लोरिन बघायची ओटी टेस्टही करून घ्या. काचनळीत नमुन्याचं पाणी घेऊन द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरिन असल्यास पिवळा रंग येतो. तो लगेच सोबतच्या रंगपट्टीशी ताडून पाहायचा. रंग आलाच नाही तर क्लोरिन शून्य. हे द्रावण विषारी आहे, तपासलेलं पाणी ओतून द्या आणि मुलांना हात लावू देऊ नका. किट आरोग्य कर्मचाऱ्यांकडे असतं. तुमच्याकडचा नमुना गल्लीतल्या शेवटच्या घराचा असू द्या. जंतूंच्या तपासणीसाठी मात्र घरची बाटली चालत नाही. त्यासाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी लागते, नळाचं तोंड जाळाने तापवून नमुना घ्यावा लागतो आणि बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावा लागतो. म्हणून तो नमुना आरोग्य खात्याकडून किंवा पालिकेकडून, तुमच्या समक्ष घेतला जावा, असा आग्रह धरा. दुपारी बारा वाजता, पाणी साफ झाल्यावर, टाकीजवळच्या नळाचा नमुना घेतला तर अहवाल ‘पिण्यास योग्य’च येणार. पहिल्या पाच मिनिटांतला, तुमच्या गल्लीतला नमुना हवा.

आता एक गोष्ट, जी गल्लीत बोलायला अवघड जाते. लाइनीत घाण शिरण्याची सगळीच तोंडं पालिकेची नसतात. दाब कमी म्हणून पुष्कळ घरी दारापुढे खड्डा करून नळ खाली घेतलेला असतो. तोटी काढून टाकलेली, उघड्या पाइपाला रबरी नळी, आणि खड्ड्यात भांडी घासलेलं, पाय धुतलेलं पाणी. पाणी चालू असेपर्यंत काही बिघडत नाही. व्हॉल्व्ह बंद झाला की शरबताच्या नळीने ओढावं तसं ते खड्ड्यातलं पाणी उलटं लाइनीत जातं आणि आठ दिवसांनी चार घरं पुढच्या माणसाच्या हंड्यात पडतं. ड्रममध्ये तळापर्यंत बुडवून ठेवलेली नळीही असंच करते. आणि टिल्लू मोटर थेट नळाला लावली की ती पाण्याबरोबर सगळ्या लाइनीतल्या प्रत्येक फटीतून गटार ओढते. एकाने मोटर लावली की शेजाऱ्याला पाणी येत नाही, म्हणून तोही लावतो, आणि तासाभरात सगळी गल्ली मिळून स्वतःच्याच पाण्यात गटार मिसळते. थेट नळाला मोटर लावणं नियमबाह्य आहे, पालिका ती जप्त करू शकते. पण कारवाईची वाट पाहण्यापेक्षा गल्लीने एकत्र बसून ठरवावं: पाणी सुटल्यापासून पहिला अर्धा तास कोणीही मोटर लावायची नाही, पहिली पंधरा मिनिटं पाणी साठवायचं नाही, संडासाला आणि झाडांना वापरायचं. ज्यांना गच्चीवर पाणी चढवायचंच आहे त्यांनी जमिनीलगत एक टाकी ठेवावी, ती नळाच्या दाबाने भरू द्यावी आणि मोटर त्या टाकीवर लावावी. खड्ड्यातल्या प्रत्येक नळाला तोटी बसवा, पाणी गेलं की ती बंद करा, आणि जमलं तर उलट प्रवाह अडवणारा एनआरव्ही घाला. खड्डा आतून सिमेंटने गुळगुळीत करून त्यातलं पाणी निघून जाईल अशी वाट ठेवा.

घराची जोडणीच सडलेली निघाली तर मुख्य लाइनीपासून घरापर्यंतचा पाइप सहसा ग्राहकाच्या खर्चाने बदलावा लागतो. पालिकेची परवानगी आणि रस्ता खोदाईची पावती घेऊनच काम करा. जुन्या लोखंडी पाइपाच्या फक्त सडलेल्या तुकड्यावर रबर गुंडाळून क्लिप मारणं म्हणजे पुढच्या पावसाळ्याची तक्रार आत्ताच पेरणं. फेरूलपासून, म्हणजे मुख्य लाइनीवर घराची जोडणी जिथे बसवतात तिथपासून, मीटरपर्यंत किंवा नळापर्यंत पूर्ण लाइन निळ्या एमडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपाची, मध्ये सांधा न ठेवता टाका. गटार ओलांडायचंच असेल तर ते वरच्या बाजूने, जाड पीव्हीसी पाइपाच्या वेष्टणातून. गटाराच्या तळाखालून कधीच नाही. जुनी जोडणी फेरूलपाशी बुचाने बंद करून घ्यायला विसरू नका. पालिकेने गल्लीत नवी लाइन टाकली तरी हेच लक्षात ठेवा. नवी लाइन सुरू होते, जुनी दोन्ही टोकांना बंदच केली जात नाही, काही जोडण्या जुन्यावरच राहतात, आणि लोक म्हणतात नव्या लाइनीतूनही घाणच येते.

हे सगळं हातात आलं की पालिकेत जा. आजवर दोनदा गेलात, पण तोंडी सांगितलंत, म्हणून कागदावर तुमची तक्रार अजून झालेलीच नाही. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे लिहा, प्रत पाणीपुरवठा विभागाला आणि आरोग्य विभागाला. दोन प्रती न्या, आवक विभागात एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, साहेब आल्यावर देतो’ असं म्हटलं तर थांबा, पोहोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

अर्जात चीड नको, माहिती हवी. साधारण असं लिहा: ‘आमच्या गल्लीत अमुक तारखेला सकाळी अमुक वाजता पाणी सुटले. पहिली १५ मिनिटे काळे, गटाराचा वास असलेले पाणी आले. सहा घरांचे नमुने घेतले. अमुक घरापासून पुढे सर्व नमुने दूषित आहेत, अलीकडचे साफ आहेत. त्याच घरासमोर गटारात पाणी सुटताना बुडबुडे दिसले, चित्रण सोबत. शेवटच्या घरी क्लोरिन शून्य आढळला. गल्लीत महिन्यात कावीळीचे तीन रुग्ण आहेत. तरी सदर जागी खोदून गळती तातडीने बंद करावी, तोपर्यंत गल्लीस टँकरने पाणी द्यावे, आणि दुरुस्तीनंतर पहिल्या पाच मिनिटांतील नमुना आमच्या समक्ष तपासणीस पाठवावा.’ खाली ग्राहक क्रमांक, प्रभाग, फोन.

मागणी काय करता याला फार महत्त्व आहे. ‘गल्लीत नवीन पाइपलाइन टाकावी’ असं लिहिलंत तर अर्ज अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निधी, निविदा या वाटेला लागतो आणि कावीळ तुमच्याकडेच राहते. ‘या जागी खोदून गळती काढा’ हे देखभालीतलं काम आहे, त्याला कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. नवी लाइन खरंच हवी असेल तर तो वेगळा अर्ज करा आणि तुमच्या नगरसेवकांना तो विषय सर्वसाधारण सभेत घ्यायला सांगा.

एक अर्ज सगळ्यांच्या सह्यांचा द्या, पण शिवाय पाच-सहा घरांनी आपापल्या नावाचे स्वतंत्र अर्जही द्यावेत. पुढे उपयोगी पडतात ते हेच. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली पालिकेच्या सेवांची जी यादी आहे तिच्यात पाण्याच्या गुणवत्तेची तक्रार आणि पाण्याच्या दाबाची तक्रार याही येतात. कोणती सेवा किती दिवसांत आणि कोणत्या पदावरचा अधिकारी देणार, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. त्याचा फोटो काढून घ्या. मुदत उलटली की ३० दिवसांत प्रथम अपील, तिथेही काही झालं नाही तर द्वितीय अपील, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग, आपल्यासाठी त्याचं नाशिक विभागाचं कार्यालय. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. दुसरी वाट लोकशाही दिनाची, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समक्ष ऐकतात त्या दिवसाची. तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयात पहिल्या सोमवारी. अर्ज ठरलेल्या नमुन्यात आणि १५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि तक्रार वैयक्तिक असावी लागते. सामुदायिक निवेदन तिथे परत येतं. बरेच जण त्याच दिवशी सह्यांचं निवेदन घेऊन जातात आणि हात हलवत परततात.

पालिका अजूनही ‘शुद्धच सोडतो’ म्हणत असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं इतकंच: गेल्या तीन महिन्यांची क्लोरिन तपासणीची नोंदवही, टीसीएल पावडरच्या साठ्याची आणि रोजच्या वापराची नोंदवही, आणि आपल्या प्रभागातून प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यांचे अहवाल. ‘दूषित पाणी का देता’ असा प्रश्न विचारलात तर ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ म्हणून अर्ज निकाली निघतो. कागद मागा, खुलासा मागू नका.

पाणीपट्टी थांबवण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. थकबाकीवर शास्ती चढते, जोडणी तोडण्याचा अधिकार पालिकेला मिळतो, घर नावावर करायच्या वेळी थकबाकी नसल्याचा दाखला अडतो. याहून वाईट म्हणजे, आजची तुमची भक्कम तक्रार उद्या ‘थकबाकीदारांची ओरड’ होऊन बसते. पट्टी भरा आणि सोबत एक ओळीचं पत्र द्या: ‘दूषित पाण्याबाबतची आमची अमुक आवक क्रमांकाची तक्रार कायम ठेवून भरणा करीत आहोत.’ मोर्चा काढायचा असेल तर जरूर काढा, तो तुमचा हक्क आहे. फक्त जाताना चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या आणि शिक्क्याच्या प्रती घेऊन जा.

लाइन दुरुस्त होईपर्यंत साठवलेल्या पाण्याचं काय करायचं, तेही लिहितो. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी, २०० लिटरच्या ड्रमला साधारण ४ ते ६ ग्रॅम, ढवळून दोन तास निवळू द्या आणि वरचं पाणी दुसऱ्या भांड्यात घ्या. मग टीसीएल: १,००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरच्या ड्रमला अर्धा ग्रॅम. चमच्याच्या अंदाजाने ही मात्रा हमखास चुकते. किराणा दुकानाच्या काट्यावर २५ ग्रॅम तोलून घ्या आणि त्याच्या दहा सारख्या पुड्या करा, एक पुडी १,००० लिटरची. पुडी आधी कपभर पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत घाला आणि अर्धा तास तरी थांबा. गढूळ पाण्यात थेट पावडर टाकली तर ती गाळातच खर्च होते, म्हणून तुरटी आधी. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या उघड्या पिशवीतली पावडर लवकर निकामी होते. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात, कोरडी ठेवा, आणि क्लोरिनचा उग्र वास येत नसेल तर ती पावडर फेकून द्या. सुनेसाठी मात्र टीसीएल टाकलेलं पाणीही उकळूनच.

आठ-नऊ दिवस पाणी साठवणं म्हणजे डेंग्यूच्या डासाला हवा तेवढा वेळ देणं, कारण अंड्यापासून डास व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात सात ते दहा दिवस लागतात. हा डास अंडी पाण्यावर कमी आणि भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेवर जास्त चिकटवतो, आणि ती कोरडी राहूनही महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत, काथ्याने घासावीच लागतात. पाणी यायच्या आदल्या दिवशी ड्रम तळाला गेलेले असतात, तोच कोरडा दिवस धरा: उरलेलं पाणी एका ड्रममध्ये करून बाकीचे घासून उन्हात पालथे घाला. भरल्यावर तोंडावर सुती कापड आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधा. हौदाला गप्पी मासे चांगले, पण त्या हौदात टीसीएल टाकलं तर मासे मरतात. म्हणून पिण्याचा साठा वेगळा आणि हौद वेगळा.

पालिकेने गळती काढली की त्या दिवशीचं पाणी पिण्यासाठी भरू नका. दुरुस्तीच्या वेळी खड्ड्यातली माती आणि गटार लाइनीत गेलेलंच असतं. पहिल्या फेरीत लाइन टोकाच्या घराकडून पूर्ण धुऊन काढायला सांगा, पाणी साफ होऊन क्लोरिनचा वास येईपर्यंत. घरातल्या टाक्या त्याच वेळी रिकाम्या करून घासा, नाहीतर जुनी घाण नव्या पाण्यात येईल. नंतरच्या दोन फेऱ्यांना तीच घरं, त्याच बाटल्या, तीच ओटी टेस्ट पुन्हा करा. शेवटच्या घराच्या पहिल्या बाटलीत दोन्ही वेळा पाणी स्वच्छ आणि रंग पिवळा आला, तर लाइन बरी झाली असं धरा आणि तसं पालिकेला लेखी कळवून तक्रार बंद करा. एकदाच आला आणि दुसऱ्या वेळी गेला, तर आणखी एक भोक बाकी आहे. पुन्हा गटाराकडे लक्ष ठेवा.